छोटी संस्था, मोठा भागीदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं महाराष्ट्रातल्या छोट्या सेवाभावी संस्था, मंडळं, बचत गट आणि गावपातळीवरच्या समित्या यांच्यासाठी आहेत. मोठी संस्था, कंपनी, ग्रामपंचायत किंवा शासकीय विभाग यांच्याबरोबर काम करायचं ठरलं की जे प्रश्न पडतात, तेच इथे घेतले आहेत. बहुतेक भागीदाऱ्या हेतूवरून मोडत नाहीत. कागद आणि हप्ता या दोन जागी मोडतात, म्हणून उत्तरांचा भरही तिथेच आहे.

आमचं मंडळ नोंदणीकृत नाही. तरी एखाद्या संस्थेबरोबर काम करता येईल का?

येईल, पण पैसा तुमच्या हातून जाणार नाही हे गृहीत धरा. नोंदणीकृत संस्था खर्च करेल, तुम्ही माणसं, जागा आणि ओळखी द्याल. अशा वेळी प्रत्येक बिल त्या संस्थेच्या नावाचं हवं. मंडपवाल्याने किंवा झेरॉक्सवाल्याने सवयीने मंडळाचं नाव टाकलं की ते बिल ऑडिटला बाद होतं आणि पैसे कोणाच्या तरी खिशातून जातात. दुकानात जाण्याआधीच संस्थेचं पूर्ण नाव आणि पत्ता एका चिठ्ठीवर लिहून न्या. क्षुल्लक वाटतं, पण यातून वाचलेली भांडणं पुष्कळ आहेत.

लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर मात्र वेगळी गोष्ट. नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी वर्गणी काढण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळांना ही परवानगी परिचयाची असते. पूरग्रस्तांसाठी डबा फिरवणाऱ्यांना मात्र ती आठवत नाही.

नोंदणी करायचीच झाली तर कोणती?

महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे सात सभासद जमवून संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदणी होते, आणि त्याच संस्थेची १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद होते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच. दुसरा पर्याय कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी. तिला दोन संचालक पुरतात, पण दरवर्षीची विवरणपत्रं आणि सीएची फी छोट्या गटाला जड जाते. गावात काम करणाऱ्या संस्थेला पहिला मार्गच सोयीचा.

भागीदार पहिल्याच भेटीत कोणते कागद मागतो?

नोंदणी प्रमाणपत्र, घटना आणि नियमावली, परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त नोंदवहीचा, अलीकडचा उतारा (बोलीत 'पीटीआरचा उतारा'), संस्थेचं पॅन, आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (दात्याला करात वजावट) प्रमाणपत्रं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, बँकेचा रद्द केलेला चेक आणि चालू विश्वस्तांची यादी. या सगळ्याच्या स्कॅन प्रती एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलच्या नावात वर्ष टाका.

आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोक अजून '१२ए' आणि '८०जी'च म्हणतात, इथेही तीच नावं वापरली आहेत. अर्ज भरताना मात्र नवा क्रमांक सीएकडून तपासून घ्या. आणि ही प्रमाणपत्रं आता कायमची नसतात. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज जायला हवा. ती तारीख कार्यालयाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, कारण ती चुकल्याचं कळतं तेव्हा एखादा दाता पावती मागत दारात उभा असतो.

विश्वस्त बदलले, पण उताऱ्यावर जुनीच नावं आहेत. चालेल का?

नाही. भागीदारी अडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये, पत्त्यात किंवा मालमत्तेत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत परिशिष्ट एकवर जुनीच नावं राहतात. बँक उतारा बघते. कंपनीचा वकीलही तोच बघतो. उताऱ्यावर ज्यांची नावं त्यातला एक वारलेला, दुसरा पुण्याला मुलाकडे राहायला गेलेला आणि तिसरा रुसलेला, असं असेल तर करारावर सही करायला कायदेशीर माणूसच उरत नाही.

अर्ज सहसा तीन गोष्टींवर अडकतो. एक, सभेची नोटीस सर्व सभासदांना पोहोचल्याचा पुरावा नाही. नोटीस वहीवर सह्या घ्या, नाहीतर पोस्टाची पोच जपा. दोन, गणसंख्या. घटनेत लिहिलेली संख्या आणि इतिवृत्तातल्या सह्या जुळत नाहीत. तीन, आधीचाच एक बदल अर्ज प्रलंबित आहे. २०१२ ची निवड मंजूर नसेल तर २०१७ ची आणि २०२२ ची निवड तिच्यामागे रांगेत उभी राहते. अशा वेळी सगळ्यात जुन्या अर्जापासून सुरुवात करा. नवा अर्ज आधी रेटून काही साधत नाही.

भागीदाराला हे लपवू नका. दाखल केलेल्या अर्जाची पोच, निवडीचा ठराव आणि जुन्या विश्वस्तांचं नाहरकत पत्र एवढं दाखवलं तर पुष्कळजण थांबायला तयार असतात. नंतर उघडकीला आलं तर कोणी थांबत नाही.

ठराव कसा लिहावा?

'सर्वानुमते मंजूर' एवढ्या एका ओळीवर भागवू नका. रक्कम, मुदत आणि सही करणाऱ्याचं पद त्यात आलंच पाहिजे. उदाहरणार्थ:

'ठराव क्र. ४: अमुक संस्थेबरोबर तीन पाड्यांवर अभ्यासवर्ग चालवण्यासाठी दहा महिने मुदतीचा व रु. ३,२६,००० पर्यंतचा सामंजस्य करार करण्यास ही सभा मान्यता देत आहे. करारावर सही करण्याचे अधिकार सचिवांना, व या प्रकल्पाच्या चेकवर सही करण्याचे अधिकार अध्यक्ष व खजिनदार यांना संयुक्तपणे देण्यात येत आहेत. सूचक… अनुमोदक…'

सूचक आणि अनुमोदक हे करारावर सही करणाऱ्यापेक्षा वेगळे असावेत. नवरा सूचक, बायको अनुमोदक आणि मुलगा खजिनदार असं इतिवृत्त पाहिलं की निधी देणारा मनातल्या मनात फाइल बंद करतो.

सामंजस्य करारात नक्की काय असावं? दोन पानं पुरतात का?

दोन पानं पुरतात, शब्द नेमके असतील तर. कोण काय करणार, हे नावानिशी. 'दोन्ही संस्था मिळून जनजागृती करतील' या वाक्याला काही अर्थ नाही. 'गावातल्या बैठका छोटी संस्था घेईल, महिन्याला चार. छापील साहित्य मोठी संस्था पुरवेल, प्रत्येक बैठकीच्या आठ दिवस आधी' याला अर्थ आहे.

हप्ते किती, कोणत्या कागदावर सुटणार आणि कागद दिल्यापासून किती दिवसांत, हे लिहून घ्या. मोठी संस्था अहवालाची तारीख घालते, पैसे देण्याची तारीख घालत नाही. तीस दिवसांची मुदत तुम्हीच मागा. पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी हवा, कारण मानधनावरचे कार्यकर्ते उधारीवर दोन महिने काढू शकत नाहीत. शिवाय खरेदी केलेलं साहित्य शेवटी कोणाचं, फोटो आणि माहिती कोणाची, करार मधेच थांबवायचा तर किती दिवसांची नोटीस, आणि थांबल्यास तोवर झालेल्या खर्चाचं काय, हे चार मुद्दे.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून किमान मुद्रांक १०० ऐवजी ५०० रुपयांचा झाला आहे. जुन्या नमुन्यावर १०० चा उल्लेख राहिला असेल तर दुरुस्त करा.

अंदाजपत्रकात आस्थापना खर्च धरला तर प्रस्ताव नाकारतील का?

ही भीती छोट्या संस्थांना आतून पोखरते. एक हिशोब मांडून बघू. चार केंद्रं, दहा महिने. शिक्षिकांचं मानधन ५,००० प्रमाणे २,००,०००. साहित्य केंद्रामागे ६,००० प्रमाणे २४,०००. पर्यवेक्षकाचा प्रवास महिना २,५०० प्रमाणे २५,०००. एकूण २,४९,०००. बहुतेक प्रस्ताव इथेच संपतात.

आता न दिसणारा खर्च. हिशोबनीस अर्धवेळ, महिना ४,०००, म्हणजे ४०,०००. ऑडिट १२,०००. फोन, छपाई, कुरिअर महिना १,००० प्रमाणे १०,०००. कार्यालयाच्या भाड्यातला वाटा महिना १,५०० प्रमाणे १५,०००. झाले ७७,०००. खरा प्रकल्प ३,२६,००० चा आहे. निधी देणाऱ्याने थेट खर्चावर १० टक्के म्हणजे २४,९०० दिले, तर ५२,१०० रुपये संस्था स्वतःच्या खिशातून घालते आणि वर अनुदान मिळालं म्हणून पेढे वाटते.

म्हणून 'आस्थापना' असा एक ढोबळ आकडा टाकू नका. हिशोबनीस, ऑडिट, प्रवास यांच्या ओळी प्रकल्पाच्या खर्चात कामाच्या प्रमाणात दाखवा. कापाकापी झालीच तर केंद्रं चाराची तीन करा, मानधन कापू नका. त्याच पैशात चार केंद्रं चालवायला घेतली की सहाव्या महिन्यात दोन शिक्षिका सोडून जातात.

दुसरा हप्ता का अडकतो?

काम झालेलं असतं, पण उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, जुळत नाही. तपासणीत नेहमी सापडणाऱ्या चुका अशा:

- मंजूर शीर्षापेक्षा वेगळ्या शीर्षावर खर्च. प्रवासातले पैसे चहा-नाश्त्यावर गेले, पण आधी ई-मेलने परवानगी घेतली नाही.
- व्हाउचरवर पैसे घेणाऱ्याची सही आहे, कशासाठी दिले ते नाही. 'मानधन' पुरेसं नाही. 'जुलै महिना, २२ दिवस, केंद्र क्र. २' असं हवं.
- एकाच हस्ताक्षरात सगळ्या पावत्या. जीपवाला पावती देत नाही हे खरं, पण मग तारीख, गाडी क्रमांक, कुठून कुठे आणि किती किलोमीटर हे लिहून त्याची सही घ्या.
- रोख. एका व्यक्तीला एका दिवशी १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही.
- हजेरीपत्रकावर ४० सह्या आणि फोटोत १८ माणसं. फोटोवर तारीख असतेच, तपासणारा मोजतो.

रोजकीर्द रोज लिहा. महिनाअखेरीला आठवून लिहिलेली रोजकीर्द ओळखू येते. तिच्यातली सगळी शाई एकसारखी असते.

सीएसआरचा निधी छोट्या संस्थेला मिळतो का?

मिळतो. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्याप्रमाणे सामाजिक कामावर करायचा खर्च. पण कंपनी तो संस्थेमार्फत करते तेव्हा त्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. १ एप्रिल २०२१ पासूनचा हा नियम. कंपनीने किंवा सरकारने स्थापन न केलेल्या संस्थेला १२ए आणि ८०जी बरोबर तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही दाखवावा लागतो.

एक गैरसमज दूर करायला हवा. 'सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्केच' असं सांगून छोट्या संस्थांचं अंदाजपत्रक कापलं जातं. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. बैठकीला जाताना ती प्रत जवळ ठेवा, आवाज चढवायची गरज पडत नाही.

वेळही बघा. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. फेब्रुवारीत अचानक फोन येतो, '३१ मार्चच्या आत खर्च दाखवाल का?' बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजूर करून उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची सोय कायद्यात आहे. तेव्हा सहा आठवड्यांत वर्षभराचं काम उरकायला हो म्हणू नका.

मोठ्या संस्थेकडे परदेशी निधी आहे. त्यातला काही वाटा आम्हाला देऊ शकेल का?

नाही. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यावर पूर्ण बंदी आली. घेणारी संस्था स्वतः त्या कायद्याखाली नोंदलेली असली तरी नाही. दुर्गम भागातल्या लहान संस्थांना याचा सर्वांत मोठा फटका बसला, कारण त्यांचा पैसा याच वाटेने यायचा.

उरतं ते एवढंच: मोठ्या संस्थेने स्वतः माणसं नेमायची, स्वतः खरेदी करायची आणि थेट विक्रेत्याला पैसे द्यायचे. 'सल्लागार फी' असं नाव देऊन अनुदान फिरवायची युक्ती कोणी सुचवली तर लेखी नकार द्या. नोंदणी त्यांची जाईल, चौकशीला तुम्हीही जाल.

देशी निधी एका संस्थेने दुसरीला दिला तर?

देता येतो. मात्र आकारणी वर्ष २०२४-२५ पासून १२ए असलेल्या संस्थेने दुसऱ्या अशाच संस्थेला दिलेल्या देणगीतला ८५ टक्के भागच देणाऱ्याचा खर्च म्हणून धरला जातो. लाखाची देणगी दिली तर ८५,००० खर्ची पडले. त्यामुळे मोठ्या संस्था देणगीऐवजी कामाचा मोबदला देऊ पाहतात. मोबदला म्हटलं की टीडीएस येतो, कधी जीएसटीचा प्रश्नही. पैसे खात्यात येण्यापूर्वीच ते देणगी म्हणून येणार की मोबदला म्हणून, हे सीएला विचारून करारात लिहा.

देणगीदारांना पावती दिली की संपलं ना?

नाही. ८०जी असलेल्या संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं आणि त्यातून निघालेलं प्रमाणपत्र दात्याला द्यायचं. उशिराला दिवसाला २०० रुपये. २,००० च्या वरच्या रोख देणगीवर दात्याला सवलत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला ८०जीची वजावटच मिळत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

ग्रामपंचायतीबरोबर काम कसं सुरू करावं?

सरपंचांच्या शब्दावर नाही, ग्रामसभेच्या ठरावावर. ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. विषय आधी पत्राने द्या आणि पत्राची पोच घ्या. आयत्या वेळच्या विषयात घुसवलेला ठराव पुढची बॉडी आली की पहिला उलटतो.

पैसे मागायचे तर गावाचा विकास आराखडा तयार होताना, म्हणजे ऑक्टोबरपासून, बैठकांना बसा. आराखड्यात नसलेल्या कामाला नंतर निधी शोधणं अवघड. स्वउत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे जातो हे विनयाने विचारा. पुष्कळदा खुर्च्या आणि सतरंज्यांवर जातो, आणि चांगला प्रस्ताव समोर असेल तर ग्रामसेवकालाही (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) तो हवाच असतो.

समाजमंदिर किंवा शाळेची खोली वापरणार असाल तर वीजबिल कोण भरणार आणि किल्ली कोणाकडे, हे दोन मुद्दे लिहून ठेवा. वाद तिथेच होतात.

शासकीय योजनेत स्थानिक संस्था प्रत्यक्ष भागीदार होते, असं एखादं उदाहरण?

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. तलावातला गाळ काढायचा आणि शेतकऱ्यांनी तो शेतात न्यायचा. २०२३ पासूनच्या रचनेत यंत्र आणि इंधनासाठी घनमीटरला ३१ रुपये, आणि अल्पभूधारकांसारख्या पात्र शेतकऱ्यांना गाळ वाहून पसरण्यासाठी घनमीटरला ३५.७५ रुपये, एकरी १५,००० च्या मर्यादेत अडीच एकरांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ३७,५००.

खरी गोम मोजणीत आहे. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर तलावाची मोजमापं घेतली नाहीत तर किती घनमीटर निघाला ते सिद्ध होत नाही, आणि पावसानंतर कोणी मोजू शकत नाही. ट्रॉलीच्या खेपा लिहिणारा एक माणूस रोज काठावर बसवा, खेपेला शेतकऱ्याची सही. दुसरं, यंत्रवाल्याला रोजच्या रोज डिझेल लागतं आणि अनुदान मागाहून येतं. मधल्या काळात पैसा कोण फिरवणार, हे ठरल्याशिवाय पोकलेन तलावात उतरवू नका. वाळू लागली तर थांबा. गाळाच्या नावाने वाळू उपसली की अख्खी योजना बदनाम होते.

बचत गटांना सोबत घ्यायचं आहे. नवे गट काढावेत का?

शक्यतो नको. गावात 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांचे गट असतातच. त्याच बायकांचा दुसरा गट काढला की दुहेरी सभासदत्व, दुहेरी कर्ज आणि दोन वह्या. ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडे, जा आणि त्यांच्या बैठकीच्या दिवशीच विषय मांडा. प्रकल्पाचा पैसा गटाच्या बचत खात्यात मिसळू नका. अंतर्गत कर्जाची वही एकदा बिघडली की गटाची बँकेतली पत जाते, आणि ती संस्थेला भरून देता येत नाही.

फलकावर नाव कोणाचं आधी?

हसू नका, यावरून करार मोडलेत. नावांचा क्रम, चिन्हांचा आकार आणि उद्घाटनाला कोण, हे करारातच टाका.

लाभार्थ्यांचे फोटो वापरण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या, लहान मुलांच्या बाबतीत पालकांची. आणि आधारच्या झेरॉक्स व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं आजच बंद करा. भागीदाराला पडताळणी हवी असेल तर त्याने येऊन रजिस्टर बघावं.

मुलांबरोबर काम आहे. वेगळी काळजी कोणती?

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी भागीदार संस्थेला विचारतो' हे चालत नाही. कोण कळवणार त्याचं पद करारात लिहा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता कार्यालयात लावलेला असावा.

प्रकल्प संपला. साहित्याचं काय करायचं?

करारात लिहिलं असेल तसं. लिहिलं नसेल तर संपण्याच्या दोन महिने आधी यादी करा: वस्तू, खरेदीची तारीख, किंमत, आज चालू की बंद, कोणाच्या ताब्यात. भागीदाराकडून एका ओळीचं हस्तांतरण पत्र घ्या आणि वस्तू स्वतःच्या मालमत्ता नोंदवहीत चढवा. ग्रामपंचायतीला किंवा शाळेला देत असाल तर त्यांच्या साठा रजिस्टरमध्ये नोंद झाल्याचं पान झेरॉक्स करून आणा. हिशोबाच्या फायली किमान दहा वर्षं जपा, आणि त्या कोणत्या कपाटात आहेत ते खजिनदाराशिवाय आणखी एकाला ठाऊक असू द्या.